रडून भेटायची रीत

दाणीबाईंच्या घरात सगळे हातानं जेवत. दाणीबाबू वरणभात कालवायला बसले की मनगटापर्यंत माखत, आणि शेवटी ताट असं निपटून काढत की घासणारीनं नुसतं पाणी फिरवावं. काटा आणि सुरी होती ती फक्त माझ्यासाठी. सकाळी पोहे झाले की बाई माझी ताटली टेबलावर ठेवत, डावीकडे काटा, उजवीकडे सुरी, आणि समोर बसून म्हणत, "हं, कर सुरू." पोहे काट्यानं खाऊन बघा कुणीतरी. शेंगदाणा टोचायला जावं तर तो उडून दाणीबाबूंच्या पेपरवर पडे. ते पेपर झटकून म्हणत, "अगं, खाऊ दे नं लेकराला पोटभर." बाई म्हणत, "पोटभर तिला जन्मभर खायचंच आहे. रीत शिकायला हेच वय आहे." मग मी सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, काट्याच्या दातांतून एकेक पान काढत अर्धपोटी शाळेत जाई. इंग्रजीची माझी सुरुवात अशी उपाशीपोटी झाली, आणि शेवटही फार वेगळा झाला नाही.

दाणीबाई आधी घाटंजीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. दाणीबाबू तिथल्या तहसील कचेरीत बाबू होते. मी घाटंजीच्या आतल्या बाजूच्या एका बंजारा तांड्यावरून पायी शाळेत येणारी. घरात गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, अशा तीन भाषा मला कुणी न शिकवता आल्या होत्या. चौथीही तशीच येईल असं मला वाटलं, तर त्यात माझं फार चुकलं असं आजही वाटत नाही. बाई फळ्यावर लिहीत ते मी एकदा पाहिलं की डोक्यात बसे. दाणीबाबूंची यवतमाळला बदली झाली तेव्हा बाईंनी माझ्या वडिलांना, बापूला, शाळेत बोलावून घेतलं. बापू धोतर सावरत दाराशीच उभा राहिला. बाई सरळ म्हणाल्या, "सोनीला मला द्या."

बापू घाबरला. "देऊ म्हंजे, बाई?"

"शिकायला द्या. माझ्या घरी राहील. मॅट्रिक होईल, पुढं कॉलेजात जाईल. अशी इंग्रजी बोलेल की कलेक्टर उभा राहील ऐकायला."

"कलेक्टर उभा राह्यला तं मंग आमी कुठी बसावं, बाई?" बापू म्हणाला. बाई हसल्या, बापूही हसला, आणि त्या हसण्यात माझं जाणं ठरून गेलं. याडीला, आम्ही आईला याडी म्हणतो, कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर बापूनं तिला सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढं बाजरीची भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी नीट भाजली, शेकली, मला वाढली, आणि मगच विचारलं की त्या गावाला बस कुठून मिळते. हे बोलणं अर्थातच गोरबोलीत झालं. मी इथं ते मराठीत लिहिते आहे, कारण गोरबोलीत लिहिलं तर माझ्या स्वतःच्या नातीलाच ते वाचून कळायचं नाही.

यवतमाळचं दाणींचं घर भाड्याचं होतं, दोन खोल्या पुढं, एक मागं. मागची माझी. हंगामात जवळच्या जिनिंगमधून सरकीचा तेलकट वास यायचा आणि दुपारी भोंगा झाला की बाई घड्याळ लावून घ्यायच्या. माझं ताट वेगळं होतं आणि ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं असे. ते वेगळं का, हे कुणी कधी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. बाकी बाईंनी मला काही कमी केलं नाही. आपल्या जुन्या पातळाचे परकर त्यांनी स्वतः मशिनवर शिवून दिले. त्यांच्या हातच्या पातोडीच्या रश्श्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे. माणूस एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं अंतर राखतो, आणि दोन्ही खरं असतं, हे मला पुढं फार वर्षांनी कळलं. तेव्हा मला त्यांचा रागच यायचा, आणि राग आल्याबद्दल पुन्हा लाज वाटायची.

संध्याकाळी रेडिओवर इंग्रजी बातम्या लागत. बाई मला शेजारी बसवून ऐकवत. "कळो न कळो, सूर ऐक," त्या म्हणत. मी सूर ऐके. कुठं पूर आला, कुठं कुणी मेलं, कुठं क्रिकेट जिंकले, सांगणाऱ्याचा आवाज सगळ्याला सारखाच. मला पहिल्यांदा वाटलं की त्या माणसाला बरं नसावं. आमच्या तांड्यावर म्हैस व्यायली तरी सांगणारीचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा. मी बाईंना म्हटलं, "बाई, याले काहीच कसं वाटून नाही राह्यलं?" बाई म्हणाल्या, "वाटतं गं. पण दाखवत नाहीत. तीच तर इंग्रजी आहे." बाईंना ही इंग्रजी लहानपणी त्यांच्या शाळेतल्या एका म्हाताऱ्या मिशनरी बाईनं शिकवली होती. ती बाई कधीच निघून गेली होती, आणि यवतमाळात दाणीबाईंशी इंग्रजीत बोलणारं माणूस उरलं नव्हतं. त्या एकट्याच ती भाषा पुडाच्या वडीच्या सारणासारखी जपून ठेवून होत्या, आणि आता ती माझ्यात भरत होत्या.

मग नियम सुरू झाले. बोलताना हात हलवायचे नाहीत. दार उघडं असलं तरी टकटक करायची. कुणाला "कुठी चाल्ली वं?" असं विचारायचं नाही. हे तर मला जमेचना, कारण आमच्याकडं तोच रामराम असतो, आणि न विचारणारी माणसं आखडू समजली जातात. कुणाला पगार, वय, जात, लेकरं किती, यातलं काही विचारायचं नाही. मी म्हटलं, "मंग बोलाचं काय?" बाई म्हणाल्या, "हवापाण्याबद्दल." मी यवतमाळच्या उन्हाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि माझं बोलणं संपलं. उन्हात आणखी असतं काय? सगळ्यांत मोठा नियम होता तोंड हसरं ठेवायचा. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि काही झालं तरी हसून बोलायचं. बाई आरसा धरून माझ्याकडून ते हसू बसवून घेत. ओठ जरासे ताणायचे, दात फार दिसू द्यायचे नाहीत. ते हसू इतकं बसलं की पुढं माझ्या लग्नातही नवऱ्याकडच्या बायका म्हणाल्या, नवरी कायले हसून राह्यली?

एकदा बाईंनी मला विचारलं, "हाऊ आर यू?" मला वाटलं, आज या खरंच विचारत आहेत. मी सांगायला लागले. रात्री झोप लागली नाही, पोटात दुखतं, तांड्यावरची वासरी आठवते, धाकटा भाऊ चालायला लागला म्हणतात पण मी पाहिला नाही. माझ्या इंग्रजीत जेवढे शब्द होते तेवढे मी एकामागून एक ओतले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी क्रियापद दुरुस्त केलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "सोनी, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं." तेव्हा मी कोड्यात पडले. आता माझी नात पुण्याहून फोन करते आणि पहिलं वाक्य तेच म्हणते, आणि मीही उत्तर देत नाही. गुडघे ठणकत असतात, डोळ्याचं ऑपरेशन लांबत असतं, आणि मी म्हणते, मजेत. बाईंचा हा धडा तेवढा मला पूर्ण आला, असं म्हणायला हरकत नाही.

आता आमची रीत सांगते, कारण ती ठाऊक नसेल तर पुढचं सगळं वेडगळ वाटेल. आमच्यात बाया खूप दिवसांनी भेटल्या की हसत नाहीत. डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढून घेतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि सुरात रडतात. हे रडणं म्हणजे नुसते हुंदके नव्हेत. त्याला चाल असते, ओळी असतात. मागच्या भेटीपासून घरात जे जे झालं ते सगळं त्या रडण्यातून सांगायचं. कोण आजारी पडलं, कोणती गाय व्यायली, विहिरीला पाणी किती, तू नव्हतीस तेव्हा तुझं नाव कुणी घेतलं. एकीची ओळ संपली की दुसरी धरते. सगळ्या बातम्या संपल्या की दोघी डोळे पुसतात, आणि मग साध्या आवाजात पाणी, चहा, भाकरी. जी रडली नाही ती कोरडी भेटली म्हणतात, आणि कोरडं भेटणं म्हणजे तोंडावर थुंकल्यासारखं. यवतमाळला गेल्यावर पहिल्या दिवाळीला मी घाटंजीच्या बसथांब्यावर उतरले, तर याडी आणि माझी थोरली काकी पहाटेपासून येऊन बसलेल्या. भर थांब्यावर दोघी माझ्या गळ्यात पडल्या. पानठेल्यावरच्या माणसानं मान वर करूनही पाहिलं नाही, कारण घाटंजीला हे रोजचं होतं. मी पण रडले. याडीच्या अंगाला शेणाचा, धुराचा आणि करडीच्या तेलाचा वास होता, आणि त्या वासात डोकं खुपसून रडताना मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

त्याच्या पुढच्या दिवाळीला बाईंनी मला घरी जाऊ दिलं नाही. कारण मोठं होतं. दक्षिणेत डोंगरावर एक मुलींचं कॉलेज होतं. तिथं सगळं इंग्रजीत, शिकणं, राहणं, प्रार्थना, भांडण सगळं. त्या कॉलेजच्या दोन बायका आमच्या भागातून एक मुलगी निवडून नेणार होत्या. तिचा सगळा खर्च कॉलेजच करणार होतं. बाईंना ही बातमी कळली तेव्हा त्यांच्या हातातला खडू खाली पडला. "ती मुलगी तू आहेस," त्या म्हणाल्या. "आता घरी जाशील तर जीभ पुन्हा बसेल. परीक्षा झाली की जा, मग राहा पाहिजे तेवढी." दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळीही आली. होळी हा आमचा सगळ्यांत मोठा सण. त्या दिवशी दाणीबाबूंनी माझ्यासाठी बुंदी आणली आणि मी ती चमच्यानं खाल्ली. तांड्यावर डफ वाजत असेल, याडी फेर धरत असेल, हेच मनात येत राहिलं. पण मलाही जायचं होतं हो त्या डोंगरावर. खोटं कशाला सांगू? मला ते स्वप्नात दिसायचं. कापसाच्या पाट्या, चिकट उकाडा, खिडकीतलं ताट, या सगळ्याच्या पलीकडं एक जागा असेल आणि तिथं मला कुणी कुठली म्हणून विचारणार नाही, असं मला वाटे. दुसरा रस्ता नव्हताच. निवड झाली नाही तर बापू माझं लग्न ठरवणार, हे त्यानं स्पष्ट सांगितलं होतं.

भेटीचा दिवस उन्हाळ्याच्या तोंडाला आला. त्या बायका यवतमाळच्या एका विश्रामगृहात उतरल्या होत्या. एक गोरी, वयस्कर, पांढऱ्या केसांची. दुसरी आपल्याकडचीच, चष्मेवाली, पण मराठी न येणारी. बाईंनी मला फिकट निळी साडी नेसवली, वेणी घट्ट घातली. आत खोलीत त्यांनी मला प्रश्न विचारले. माझं गाव, माझी पुस्तकं, मला काय व्हायचं आहे. मी हात मांडीवर ठेवून, डोळ्यांत बघून, हसून उत्तरं दिली. हवापाण्याबद्दलही बोलले. गोऱ्या बाईंनी दोनदा मान डोलावली. मग दाणीबाईंना आत बोलावलं. बाई आयुष्यभर ज्या दिवसाची वाट बघत होत्या तो आला होता. त्या इंग्रजीत बोलायला लागल्या, आणि गोऱ्या बाई कान पुढं करून म्हणाल्या, "पार्डन?" बाईंनी पुन्हा म्हटलं. पुन्हा "पार्डन?" शेवटी चष्मेवालीनं बाईंची इंग्रजी गोऱ्या बाईंना इंग्रजीतच समजावून सांगितली. बाईंचे कान लाल झाले. मी खाली बघितलं. माझी इंग्रजी कळत होती आणि माझ्या गुरूची कळत नव्हती.

त्यानंतर व्हरांड्यात चहा होता. बाईंनी आधीच बजावलं होतं की खरी परीक्षा चहाची असते, प्रश्नांची नाही. वेताच्या खुर्च्या, पांढरा कपडा घातलेलं टेबल, किटली, बिस्किटं. मी कपाचा कान बोटात धरला. चमचा बशीत वाजू दिला नाही. बशीत ओतून फुरका मारला नाही. चष्मेवाली बाई दाणीबाईंना हळूच म्हणाली की मुलगी फार चांगली तयार केली आहे तुम्ही. ते मी ऐकलं. दाणीबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. त्यांनी ते लगेच रुमालानं टिपलं, कुणाला दिसू नये म्हणून.

तेवढ्यात फाटकाकडून बलियांचा, म्हणजे आमच्या बाया दंडापर्यंत घालतात त्या पांढऱ्या बांगड्यांचा आवाज आला. मला तो आवाज शंभरात ओळखू येतो. याडी आणि काकी येत होत्या. लाल फेटिया, म्हणजे आमचा घागरा, त्यावर आरसे, उन्हात सगळं चमकत होतं. बापूनं घरी सांगितलं होतं की पोरगी आता फार लांब जाणार, वर्षातून एकदाच दिसेल. म्हणून जाण्याआधी भेटायला त्या निघाल्या होत्या. दाणींच्या घरी गेल्या तर कुलूप. शेजारच्यांनी विश्रामगृह दाखवलं. याडीनं मला व्हरांड्यात पाहिलं, डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढली, आणि ती चालत नाही, धावत आली. कप माझ्या हातातच होता. तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि सूर धरला.

"ए मारी बेटी, तुझ्याविना होळी गेली, तुझी जागा रिकामी गेली. तुझ्या भावानं तुझं नाव घेतलं, त्याला ताप आला, तुझंच नाव घेतलं. पांढऱ्या गाईला वासरू झालं, ते तुला कोण दाखवील गं बेटी..."

मागून काकीनं धरलं. दोघींचा आवाज व्हरांड्याच्या छताला लागून परत येत होता. मी काय करायला हवं होतं? कोरडी राहिले असते तर याडी परक्यांच्या अंगणात मेली असती. आणि खरं तर विचार करायला वेळ होताच कुठं. मी तिची ओळ धरली. मी माझ्या भाषेत रडले. दाणीबाईंचं घर सांगितलं, रेडिओ सांगितला, बुंदी सांगितली. दीड वर्षात कुणी विचारलं नव्हतं ते सगळं सांगितलं. बिस्किटं घेऊन येणारा खानसामा ट्रेसकट जागीच उभा राहिला. मग बातम्या संपल्या. आम्ही डोळे पुसले. याडी खाली फरशीवर बसली, शांत झाली, पदराच्या गाठीतून माझ्यासाठी आणलेल्या बोरांची पुरचुंडी काढू लागली. मी वळले, नियम आठवला, आणि त्या दोघींच्या डोळ्यांत बघून हसले.

गोऱ्या बाई उभ्या राहिल्या होत्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी दाणीबाईंना विचारलं, कोण गेलं? मला इंग्रजीतला तो प्रश्न स्वच्छ कळला. दाणीबाई चाचरल्या. घाटंजीला त्यांनी इतकी वर्षं काढली होती, बसथांब्यावर अशा बाया हजारदा पाहिल्या असतील, पण त्या का रडतात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं, काहीतरी सभ्य सांगायला हवं. त्या म्हणाल्या, "हिची आजी वारली." यावेळी "पार्डन" नाही आलं. गोऱ्या बाई माझ्याजवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळुवार विचारलं की आजी केव्हा गेली, तुला आधी कळलं होतं का. मी म्हटलं, "नो मॅडम. माय ग्रँडमदर इज ॲट होम." हसूनच म्हटलं. मग चष्मेवालीनं विचारलं, मग या का रडल्या? मी शब्द शोधले. माझ्याकडं इंग्रजीत हवा होती, पाणी होतं, फुलं होती, राणी होती. हे सांगायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, त्या आनंदात आहेत. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

याडीला यातलं काही कळत नव्हतं. तिनं मला विचारलं, "तुला नेणारी कोणती?" मी गोऱ्या बाईंकडं बोट केलं. याडी उठली. आपली लेक ज्या बाईच्या पदरात टाकायची तिला कोरडं कसं भेटायचं? तिनं पुन्हा ओढणी तोंडावर घेतली, गोऱ्या बाईंच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि सूर धरला. "ए बाई, ही आता तुझी लेक, हिला भूक लागली तर ती सांगत नाही..." गोऱ्या बाईंचे हात हवेतच राहिले. त्यांना ते कुठं ठेवावेत ते कळेना. धक्क्यानं किटली कलंडली आणि पांढऱ्या कपड्यावर चहा पसरला. याडीला वाटत होतं की आता ती बाईही रडेल, मग दोघी डोळे पुसतील आणि सोयरिक झाली. ती ओळीमागून ओळ म्हणत राहिली आणि थांबून थांबून उत्तराची वाट बघत राहिली. उत्तर आलंच नाही. शेवटी काकीनं तिला ओढून बाजूला घेतलं.

आम्ही रिक्षानं परत आलो. घरी आल्यावर दाणीबाईंनी चपला काढल्या आणि दारातच बसल्या. "मी सांभाळून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "तुला गप्प बसता आलं नाही?"

"पन बाई, आजी जिती हाये."

"असू दे नं जिवंत! तुझ्या आजीला इंग्रजी कळणार होती का?" असं म्हणून त्या रडायला लागल्या, पदर तोंडात घालून, आवाज न करता. मी त्यांच्याजवळ गेले नाही. त्यांच्यात कसं जवळ जायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

निकाल दाणीबाबूंनी कुठूनतरी काढून आणला. दुसऱ्या एका मुलीची निवड झाली होती. माझ्याबद्दल वाईट कुणी बोललं नाही, हेच मला आजवर खातं. त्या बायकांनी म्हणे सांगितलं की मुलगी हुशार आहे, भाषा उत्तम आहे, पण ही घर सोडून राहू शकणार नाही. एका भेटीला इतकी रडणारी मुलगी डोंगरावर झुरून मरेल, तिच्या भल्यासाठीच तिला नेत नाही. दयाच केली त्यांनी. दुष्टपणा केला असता तर त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. मी दीड वर्ष घर सोडून राहिले होते, अर्धपोटी, वेगळ्या ताटात, न रडता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणारी मीच होते, आणि मी हसत बसले होते.

बापू मला न्यायला आला. दाणीबाईंनी थांबवलं नाही. पुढं मी त्यांना एकदाच पाहिलं, यवतमाळच्या बाजारात. त्या मराठीत म्हणाल्या, "बरी आहेस नं?" आणि उत्तराची वाट न बघता गेल्या. त्या दिवशी बसमध्ये बापू खिडकीबाहेर बघत होता. घाटंजी आल्यावर तो म्हणाला, "तुझ्या याडीले सांगतलं म्या सारं. काहून नाही सांगू? तिच्या रडन्यानंच गेलं नं." मी म्हटलं, असं कायले सांगतलं, बापू? तो म्हणाला, "सांगतलं." थांब्यावर कुणी आलेलं नव्हतं. मी बापूच्या मागं तांड्यापर्यंत चालत गेले. याडी घराच्या दारात उभी होती. मी धावले. तिनं ओढणी तोंडावर घेतली नाही. ती एक पाऊल मागं सरकली, नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरून मागून आणलेल्या खुर्चीकडं हात केला, आणि माझ्याशी मराठीत बोलली. जन्मल्यापासून जिनं माझ्याशी गोरबोलीशिवाय शब्द काढला नव्हता, ती बाजारातल्या बाईशी बोलावं तसं म्हणाली, "बस. पानी घे."

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मी शेतात राबले, लेकरं वाढवली, आणि इंग्रजी माझ्यातून विहिरीचं पाणी उतरावं तशी उतरत गेली. माझ्या मुलांना, नातवंडांना ती आली, माझ्याकडून नाही. याडी पुढं बरीच वर्षं जगली. मी माहेरी जाई तेव्हा ती मला पाणी देई, खाऊ घाली, डोक्याला तेल लावी. इतर बाया भेटल्या की ती त्यांच्या गळ्यात पडून रडायची. मला मात्र कोरडीच भेटायची. शिकलेल्या लेकीला असंच भेटतात, असं तिनं मनात पक्कं केलं होतं, आणि मी काय शिकले होते ते मला तिला कधी सांगता आलं नाही. तिच्या अगदी शेवटच्या दिवसांत मी गेले. ती खाटेवर पडली होती, डोळ्यांना दिसत नव्हतं. सगळा तांडा कापूस वेचायला गेला होता. मला राहवलं नाही. मी तिच्या गळ्यात पडले, तोंडावर पदर ओढला आणि सूर धरला, याडी, मी आले गं. तिचं अंग ताठ झालं. चाचपडत तिनं हात वर आणला आणि माझ्या तोंडावर ठेवला.

"हळू," ती मराठीत म्हणाली. "कोनी आयकंन."

त्या दुपारी तांड्यावर आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं.